गोरखची दाढ

आमच्या घरात सकाळचा पहिला प्रश्न दाढेचा असायचा. चहा झाला का, बैल सोडले का, हे सगळं नंतर. सासू सखूबाई आधी लेकाच्या गालाकडे बघायची आणि मग मला डोळ्यांनी खुणवायची, आज जपून. गाल सुजलेला दिसला की मी वैजूला शाळा भरायच्या कितीतरी आधी घराबाहेर काढायचे, कुत्रं लांब बांधायचे आणि कोयता कणगीमागे सरकवून ठेवायचे. वैजू आमची मुलगी, पहिलीत जाणारी. गोरख माझा नवरा. आहुप्याच्या वाटेवर आमची वाडी, खाली भाताची खाचरं, वरच्या अंगाला नाचणी आणि वरई. धडधाकट गडी, भाताचं पोतं एकटा पाठीवर घेणारा, आणि एका किडक्या दाढेने त्याला वेसण घातलेली. निदान सगळे तसं म्हणायचे.

पहिल्यांदा मारलं ते भाकरीवरून. भाकरीचा पापुद्रा कडक निघाला आणि दाढेच्या खड्ड्यात घुसला. त्याने ताट भिंतीवर भिरकावलं, चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आणि माझ्या पाठीत घातलं. पदराने पेट घेतला. सासूने तांब्यातलं पाणी ओतून तो विझवला आणि विझवता विझवता मला समजावलं.

"दाढ दुखतिया गं त्याची. कळ आली की हात उठतो मानसाचा. मनावं घिऊ नगं."

मला ते पटलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. नवरा वाईट नाही, दाढ वाईट आहे. दाढ उपटता येते, नवरा कुठून उपटणार? त्या दिवसापासून मी एकच ध्यास घेतला. ही दाढ गेली की मार थांबेल.

चिखलणीच्या वेळी बैल बांधाशी अडला, तर गोरखने जुवाची खुंटी उपसली आणि बैलाच्या तोंडावर मारत सुटला. मी ओरडत खाचरातून धावले, पण चिखलात पाय निघतात कुठे? पोचेपर्यंत बैलाचा डोळा फुटून गालावर आला होता. सासरे सावळेराम बैलाचं तोंड मांडीवर घेऊन जखमेत हळद भरत बसले. लेकाला एक शब्द बोलले नाहीत.

"चार दिस झोप न्हाई बिचाऱ्याला," ते म्हणाले. मला आधी वाटलं, बैलाबद्दल बोलतायत.

दाढ काढून टाका, असं मात्र कुणी म्हणायचं नाही. वरची दाढ काढली की त्या बाजूचा डोळा जातो, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणाचा गेला म्हणून विचारलं, तर पलीकडच्या वाडीतल्या माणसाचा. पलीकडच्या वाडीत विचारलं, तर आमच्या वाडीतल्या माणसाचा. गोरखचा डोळा राखायचा म्हणून बैलाचा गेला, असं मी एकदा बोलून गेले. त्या दिवशी सासूनेच माझ्या तोंडावर कालथा मारला.

मग उपाय सुरू झाले. वाडीतल्या कुशाबांना दातातला किडा काढायची विद्या होती. त्यांनी लोखंडी पळी निखाऱ्यावर लाल केली, तीवर तेल आणि भुईरिंगणीचं बी टाकलं, वर मडकं पालथं घातलं आणि मडक्याच्या भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचला. गोरखने देठ तोंडात धरून धूर ओढायचा आणि लाळ पाण्याच्या परातीत सोडायची. अर्धी वाडी परातीभोवती वाकून बसली. पाण्यावर पांढरं काहीतरी तरंगलं की सगळे ओरडायचे, "पडला, पडला!" मीही ओरडले. ते भाजून उललेल्या बियांतलेच पांढरे कोंब होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कळ परत आली. गोरख कुशाबांच्या ओट्यावर गेला, त्याने म्हाताऱ्याला मानेला धरून खाली खेचलं आणि त्याच पळीने तोंडावर मारलं. कुशाबांचे पुढचे दोन दात ओट्यावर पडले. म्हाताऱ्याने रक्ताची गुळणी टाकली आणि जमलेल्या लोकांना काय सांगावं? "पोराचा दोष न्हाई. किडा लई खोल हाये." मग बिब्ब्याचं तेल घातलं, तर हिरडी भाजून निघाली. रुईचा चीक घातला, तर ओठ फुटला. प्रत्येक उपायानंतर गोरखला राग यायचा आणि प्रत्येक राग माझ्या अंगावर उतरायचा. माझी करंगळी तेव्हापासून वाकडी आहे.

मग एक दिवस वैजूला कळ आली. तिच्या दुधाच्या दाढा काळ्या पडल्या होत्या. वाडीतल्या सगळ्याच पोरांच्या तशा आहेत, चहात बिस्किटं बुडवून वाढलेली पोरं. दोन दिवस शाळेत गेली नव्हती. गाल धरून, पाय घासत रडत होती. गोरख कोपऱ्यात डोकं बांधून बसला होता.

"तिला गप कर," तो म्हणाला. "माझ्या दाढंत घुमतंय तिचं रडनं."

मी तिला पोटाशी धरायला उठले, पण तो माझ्या आधी पोचला. त्याने पोरीला दंडाला धरून उचललं आणि फेकलं. ती कणगीवर आदळली, तिथून जात्याच्या पाळीवर. कपाळ उघडं पडलं. रक्त तिच्या डोळ्यांत, तोंडात, झग्यावर. तिचं रडणं एकदम थांबलं, ते मला जास्त भयंकर वाटलं. सासूने हळदीचा डबा आणला आणि तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला पाठ होतं.

"आत्या, आता काय बी बोलू नगा," मी म्हणाले.

मिळेल त्या जीपने आम्ही घोडेगावला गेलो. गोरखही आला, मुकाट्याने. सरकारी दवाखान्यात वैजूला टाके पडले. बाहेर आल्यावर मी त्याला बाजारात रमणलालशेठच्या दुकानासमोर उभं केलं. शेठ मूळचे राजस्थानातले, पण आमच्यापेक्षा चोख मराठी बोलणारे. खाली शेठ गूळ, साखर, बिस्किटं आणि मिश्रीची तंबाखू विकतात. वर त्यांची सून नीलम दातांचा दवाखाना चालवते. गिऱ्हाईक घरातल्या घरात फिरतं, अशी लोक चेष्टा करतात आणि शेठही हसतात.

गोरख जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला. "म्या न्हाई चढायचो. डोळा गेला तर?"

"चढा," मी म्हणाले. "न्हाईतर मी आनि वैजू हितनंच माहेरी. पोरीचं डोकं कशानं फुटलं ते माज्या भावाला मीच सांगते."

तो चढला.

नीलम मॅडमनी त्याला खुर्चीत आडवं केलं, दिवा खाली ओढला आणि आरशाने आत पाहिलं. "आत पू भरलाय," त्या म्हणाल्या. "इंजेक्शन देते, पण ते पूर्ण लागू पडणार नाही. दुखेल, खोटं सांगत नाही. एकच करा, हात मध्ये आणू नका. माझ्या हातात धारदार वस्तू असते."

"जी मॅडम," गोरख म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडी मी प्रथमच ऐकत होते.

सुई हिरडीत शिरली तेव्हाच तो किंचाळला. मग पक्कड लागली. दाढ अर्धी तुटून आली, मुळं आत राहिली. मॅडमनी एकेक मूळ उकरून काढायला घेतलं. रक्त हनुवटीवरून लाळेऱ्यासारख्या बांधलेल्या कागदी रुमालावर ओघळत होतं. गोरखच्या टाचा खुर्चीवर आपटत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, नरड्यातून बोकडासारखा आवाज निघत होता. आयुष्यात त्याला इतकी कळ कधी आली नसेल. मॅडमचं मनगट त्याच्या तोंडापाशी होतं, काटकुळं, बांगडी घातलेलं. आणि त्याचे हात? त्याचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांना धरून होते. बोटं पांढरी पडली होती, पण हात जागचे हलले नाहीत.

मी दाढ बघायला उभी होते आणि हातच बघत राहिले. याला हात धरून ठेवता येतो. एवढ्या कळेत येतो. माझ्या अंगाची अशी आग झाली की मी वैजूचा हात गच्च दाबला आणि ती "आई, दुखतंय," म्हणाली.

दाढ वाटीत पडली. मॅडमनी त्याला कापसाचा बोळा चावायला देऊन बाकावर बसवलं आणि हात धुता धुता माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याही गालाला सूज आहे. बसा बघू."

ती सूज आदल्या दिवशीच्या थपडेची होती. पण ते पोरीसमोर कसं सांगू? मी बसले आणि तोंड उघडलं. मॅडमनी दिवा जवळ ओढून एकेक दाढ तपासली.

"खालच्या तीन दाढा संपल्यात," त्या म्हणाल्या. "एकीखाली गळू आहे. तुमच्या मिस्टरांच्या दाढेपेक्षा हे जुनं आहे आणि वाईट आहे. तुम्ही जेवता कशा?"

"चहात भिजवून."

"आणि झोप?"

"मिश्री लावते."

"मिश्रीने जागा बधिर होते. कीड आत चालूच राहते, हिरडी जाते ती वेगळीच." त्यांनी आरसा ठेवला. "डोंगरातून ज्या बायका इथे येतात, त्या नवऱ्याला नाहीतर पोराला घेऊन येतात. मी सहज म्हणून त्यांचं तोंड उघडते, तर सगळ्यांची हीच गत. ही साथच आहे, घरोघरी. पण हिने माणूस पटकन मरत नाही, म्हणून हिला साथ कुणी म्हणत नाही. स्वतःच्या दाढेसाठी आलेली बाई मला अजून भेटायची आहे."

त्यांनी मला गोळ्या दिल्या. आधी पू कमी होऊ दे, पुढच्या बाजाराला या, मग काढू, म्हणाल्या. वैजूच्या दाढाही तेव्हाच बघू. गोरख बोळा चावत भिंतीवरचं हसऱ्या तोंडाचं चित्र बघत होता.

घरी सासूने त्याचा एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली, मग दुसरा झाकून. डोळा शाबूत होता. तिने लेण्याद्रीच्या गणपतीला नारळ बोलला होता, तो फेडायचं ठरलं. वाडीत लोक येऊन त्याचं तोंड बघून जायचे. "सुटलास रं बाबा," म्हणायचे, आणि मला, "आता तूबी सुटलीस." गोरख कडक भाकरी कुरकुरवून खायचा. वैजूच्या कपाळावरून हात फिरवायचा. एकदा माझ्यासाठी जांभळ्या बांगड्या आणल्या. मी त्या घातल्या, पण त्याच्या हातांवरची नजर मला काढता येत नव्हती. दाढ गेली, आता बघू, असं माझं चाललं होतं.

बाजाराचा दिवस आला तेव्हा भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर सगळं घर होतं, शिवाय पैऱ्याने, कामाच्या बदल्यात काम म्हणून, मदतीला आलेल्या शेजारच्या साळुबाई आणि आणखी चार जणी. गोळ्या संपल्या होत्या आणि गळू परत वर आलं होतं. खालच्या गालात निखारा ठेवल्यासारखं वाटत होतं. मी पेंढी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी घोडेगावला जाऊन येते. दाढ काढायचीय."

"झोडनी टाकून?" गोरख म्हणाला.

"लई कळ हाये."

"बायकांना कसली कळ? बस खाली."

"डॉक्टरनी बोलावलंय. मी जाते."

त्याचा गाल सपाट होता. डोळे स्वच्छ होते. रात्री ढाराढूर झोपला होता आणि सकाळी चार भाकरी खाल्ल्या होत्या. त्याने हातातली पेंढी नीट बाजूला ठेवली, माझ्याजवळ आला आणि मूठ वळून गळवावर मारली.

आत काहीतरी फुटलं. पू आणि रक्त तोंडभर झालं. कळ कानातून मस्तकात गेली आणि मी पेंढ्यांवर पडले. त्याने केस धरून मला उठवलं आणि तोंड खळ्याच्या दगडावर आपटलं. बायका उभ्या राहिल्या, पण पुढे कुणी आलं नाही. सासू म्हणत होती, "दुसरी दाढ धरली आसंल गं त्याची, दुसरी धरली आसंल."

माझ्या हाताशी पेंढ्या झोडायचं दांडकं होतं. मी ते धरलं. कळ आली की हात उठतो, हे मी इतकी वर्षं ऐकलं होतं. तेव्हा मला आली होती तेवढी कळ कुणाला आली असेल? डोळ्यांपुढे अंधारलं होतं, आणि माझा हात दांडकं धरून तसाच जमिनीवर पडून होता. आपोआप उठला नाही. मी गोरखकडे पाहिलं आणि हात मी उचलला.

गोरखने परत मारायला उजवा हात वर नेला होता. मी त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या खळ्याने ऐकला. तो मनगट धरून वाकला, तेव्हा मी नडगीवर घातलं. तो पेंढ्यांत कोसळला आणि गुरासारखा ओरडायला लागला. मी त्याच्या डोक्याशी उभी राहिले, दांडकं दोन्ही हातांनी वर धरून. डोकं समोरच होतं. तिथे मारायचं नाही, असं मी ठरवलं आणि दांडकं खाली ठेवलं.

कुणीतरी पोलीस पाटील रामनाथना बोलावून आणलं. आमच्या वाडीत असल्या गोष्टी खळ्यावरच मिटवतात. रामनाथ गोरखचं लोंबतं मनगट बघून हादरले.

"हे काय केलंस गं, नूतन?"

मी काही बोलायच्या आत सासूच पुढे झाली. माझा गाल तिने पाटलांकडे वळवला. "पाटील, तिचा गाल बघा. दाढ दुखतिया तिची. कळ आली, हात उठला. जाऊ द्या आता, घरातलं हाये."

साळुबाई लगेच म्हणाल्या, "व्हय, व्हय. दाढंनंच झालं." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सासरे मान डोलवू लागले, पाटीलही. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी मिटलं असतं. नवऱ्याचं पांघरूण माझ्या अंगावर घालायला अख्खी वाडी तयार होती.

मी रक्त थुंकलं. "न्हाई," मी म्हणाले. "दाढ दुखतिया, खरं हाये. कवापासनं दुखतिया. पन मारलं म्या. दाढंनं न्हाई मारलं. म्या बघून, ठरवून मारलं."

"गप की, पोरी," सासू कळवळून म्हणाली.

"आत्या, तुमच्या तोंडात किती दाढा ऱ्हायल्यात? साळूकाकू, तुमी मिसरी लावून लावून पहाटंपर्यंत परसात बसता, मला दिसता. तुमी कुनाचा डोळा फोडला? कुनाला जाळलं?"

सासूने पदर तोंडाला लावला. साळुबाईंनी मान फिरवली. झोडायला आलेल्या बायकांत एकीच्या गालाला हात होता, तो तिने पटकन खाली घेतला.

मी गोरखजवळ खाली बसले. "म्या माजं सांगितलं. आता तुमी सांगा. वैजूचं डोकं कुनी फोडलं?"

तो बापाकडे बघत राहिला, मग आईकडे. या खेपेला कुणी त्याच्यासाठी बोलेना. तो कण्हत होता, घाम गाळत होता. मी वाट बघत बसले. माझ्या तोंडातून रक्त टपकत होतं, ते मी पुसलंही नाही.

"म्या," तो म्हणाला.

एकाच जीपमधून आम्ही घोडेगावला गेलो, तो हाताला फळी बांधून आणि मी गालाला फडकं. त्याला प्लास्टर घातलं. मी एकटीच शेठच्या दुकानावरचा जिना चढले. नीलम मॅडमनी दाढ काढली आणि गाल काळानिळा कसा झाला ते विचारलं. यावेळी मी सांगितलं. पुढच्या बाजाराला माझ्याबरोबर सासू होती, पदराआड तोंड धरून, आणि तिच्यामागे साळुबाई.

दीड-दोन महिन्यांनी गोरखचं मनगट जुळलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी त्याला हात डोक्याच्या वर नेऊन दाखवायला सांगितलं. त्याने दाखवला, अगदी सरळ. मी बाजूलाच उभी होते. घरी आल्यावर वैजूने मला परसात ओढून नेलं आणि हळूच विचारलं, "बाबांचा हात बरा झाला?"

"झाला," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. मी तिला जवळ घेतलं, तिच्या कपाळावरच्या व्रणावर ओठ टेकले आणि म्हणाले, "माझाबी बरा हाये."